सकाळचे अंग

डॉक्टरांकडे जायचे ते अंघोळ करून, दाढी करून आणि धुतलेला सदरा घालून, अशी आमच्या घरची रीत. माझे वडील तापाने फणफणलेले असतानाही टोपी सापडल्याशिवाय दवाखान्याला निघाले नव्हते. आजारी माणसाने गबाळे दिसू नये, डॉक्टर झाला तरी तो परकाच, असे ते म्हणत. मलाही ते बरोबर वाटे. या रीतीपायी माझे दुखणे कितीतरी महिने डॉक्टरांना दिसलेच नाही. शेवटी दिसले तेव्हा माझ्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि मी दाराच्या कडीखाली जमिनीवर बसलो होतो. ते सगळे क्रमाने सांगतो.

मी तेव्हा नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. घाटकोपरला एका लहान छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम करीत असे. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असे आमचे काम. छापखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची चाळ. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांब गॅलरी. घरात आम्ही नवरा-बायको दोघेच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन बोरीवलीला गेली होती.

दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. ताप नव्हता, सूज नव्हती, आदल्या दिवशी काही उचलले नव्हते. बोटे हलत होती, मनगटे हलत होती, पण दोन्ही दंड खांद्यापाशी कोणीतरी आवळून बांधल्यासारखे झाले होते. मांड्यांचे तेच. कुशीवर वळावे म्हटले तर मान, खांदे, कंबर, सगळे एकदम ओरडत. मी बायकोला हाक मारली. तिला वाटले मी थट्टा करतो आहे.

"उठा हो, पाणी जाईल नळाचं."

"अगं, खरंच येत नाही उठता."

तिने काखेत हात घालून मला बसते केले. तेव्हा मी जो ओरडलो त्याने तीच घाबरली. मग तिने मला सदरा घातला. एक बाही चढली, दुसऱ्या बाहीसाठी हात मागे जाईना. लहान मुलाला घालतात तसा तिने तो आधी दोन्ही हातांत घातला आणि मग डोक्यावरून ओढला. पुढे हाच रोजचा क्रम झाला.

याहून लाजेची गोष्ट संडासाची. उकिडवे बसता येई, पण उठता येत नसे. दाराच्या आतल्या कोयंड्याला धरून मी स्वतःला वर ओढी आणि हात वर जात नसल्याने मधेच लटकून राही. बाहेर रांग असे. "काका, झोपलात काय?" असे कोणीतरी म्हणे आणि सगळे हसत. मीही आतून हसल्यासारखे करी.

पण विचित्र गोष्ट अशी, की उन्हे वर चढली की अंग सुटू लागे. छापखान्यात माझ्यासमोर खिळ्यांच्या पेट्या उतरत्या मांडलेल्या असत. रोजची अक्षरे हाताशी, क्वचित लागणारी जोडाक्षरे वरच्या रांगेत. सकाळी वरच्या रांगेतला खिळा हवा असला तर मी शेजारच्या जुळाऱ्याकडे मागे. दुपारच्या जेवणानंतर मात्र माझा हात तिथपर्यंत आपोआप जाई. तो जुळारी वयाने माझ्याहून बराच लहान आणि जिभेने तिखट.

"तुमचं बरं आहे," तो म्हणे. "सकाळी म्हातारे आणि संध्याकाळी नवरदेव. वहिनींना विचारायला पाहिजे, रात्री काय खायला घालतात."

दवाखाना संध्याकाळीच सोयीचा पडे. कामावरून सुटल्यावर मी घरी येई, बायको तीळतेल कोमट करून खांदे चोळून देई, कढत पाण्याने अंघोळ घाली. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून मी निघे. आमचे डॉक्टर गुजराती, मराठी सफाईने बोलत, वाक्याच्या शेवटी मात्र त्यांचा 'ने' येई.

"हात वर करा. अजून. अरे, छान तर जातो, बरोबर ने?"

"सकाळी जात नाही, डॉक्टर."

"सकाळी माझी पण कंबर धरते. वय झालं आपलं."

त्यांनी ॲस्पिरिनच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी जरा बरे वाटे, पण कानात घूं घूं होई आणि पोटात आग पडे. चोळायला मलम दिले. पुन्हा गेलो, पुन्हा हात वर करायला लावले, पुन्हा हात गेला. त्यांचा दोष नव्हता. मी त्यांच्याकडे दिवसातले माझे सगळ्यात चांगले अंग घेऊन जात होतो, तेही तेल लावून आणि शेकून. हे माझ्या ध्यानात आले नाही, बायकोच्याही आले नाही. सकाळी, दाढीचे खुंट वाढलेले असताना, तिच्या खांद्यावर लोंबकळत दवाखान्यात जायचे, हा विचार आम्हा दोघांपैकी कोणाच्या मनाला शिवलाही नाही.

हळूहळू मला स्वतःचाच संशय येऊ लागला. दुपारी जो हात वर जातो तो सकाळी का जाऊ नये? मी आळशी तर झालो नाही? बायकोची सेवा अंगवळणी पडली म्हणून तर अंग उठत नाही? ती एकदा मला सदरा घालताना सहज म्हणाली, "काल संध्याकाळी तर पंखा पुसलात हो." तिच्या मनात काही नव्हते. पण मी तो सबंध दिवस तिच्याशी बोललो नाही.

शेजारी एक मालवणी आजी राहात. त्यांना साऱ्या चाळीच्या दुखण्यांची माहिती. त्या बायकोला म्हणत, "निरगुडीचो पालो बांध गो तेका. दोन दिसांत उड्या मारतलो." निरगुडी झाली, गरम विटेचा शेक झाला. उड्या काही मारता आल्या नाहीत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुलीचे डोहाळजेवण बोरीवलीला झाले आणि पहिले बाळंतपण माहेरी म्हणून तिला आम्ही घरी आणले. ती येण्याआधी बायकोने मला बजावले, "पोटुशा पोरीसमोर कण्हायचं नाही. बापाचं दुखणं बघून तिच्या जिवाला लागेल." मला ते पटले. असल्या गोष्टी त्या अवस्थेत लपवायच्या असतात असेच आम्ही दोघेही समजत आलो होतो. मग मुलगी अंघोळीला जाई किंवा गॅलरीत बसे तेवढ्यात बायको मला घाईघाईने उठवी, कपडे चढवी. ते साधले नाही तर मी डोळे मिटून पडून राही.

"बाबा, तुम्ही कधीपासून असे आळशी झालात?" मुलगी हसून म्हणे. "मला शाळेला पहाटे उठवायचात, आठवतं का? तोंडावर पाणी मारायचात!"

"आता तुझी पाळी. मार पाणी," मी डोळे न उघडता म्हणे, आणि मनात देवाचा धावा करी की तिने खरेच हात धरून ओढू नये.

ती तीन वर्षांची असताना मला क्षय झाला होता. तेव्हा आजच्यासारखी इंजेक्शने नव्हती. घाटावरच्या एका आरोग्यधामात मी दीड वर्ष उताणा पडून होतो. बायको मुलीला घेऊन भेटायला येई. मुलीला आत सोडत नसत. बायको तिला खिडकीबाहेर उचलून धरी, मी आतून हात हलवी. मी परत आलो तेव्हा ती मला ओळखेना आणि 'खिडकीतले बाबा' म्हणू लागली. सोयरिकीच्या वेळी आम्ही हे लपवले नव्हते. तिच्या सासऱ्यांनी एवढेच विचारले होते, "आता खोकत नाहीत ना?"

आता त्या सकाळबद्दल. बायको खाली वाण्याकडे गेली होती. मुलीने अंघोळीसाठी बाहेरच्या दाराला आतून वरची कडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या मोरीत गेली. मी बाहेरच्या खोलीत अंथरुणावर, झोपेचे सोंग घेऊन. थोड्या वेळाने तांब्या आपटल्याचा आवाज आला आणि मग तिची हाक आली.

"बाबा!" आणि जरा थांबून, बारीक आवाजात, "बाबा, मला गरगरतंय."

मी उठायला गेलो. हे मी आजपर्यंत कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. माणूस उठतो म्हणजे काय करतो ते निरोगी माणसाला ठाऊक नसते. मी कुशीवर वळायला बघितले, वळता येईना. कोपर टेकायला बघितले, खांदा भार घेईना. मी ओरडलो, "बस खाली! बस, मी आलो!" आणि आलो म्हणताना मी छताकडे बघत होतो. आतून उत्तर येईना. मग मी पालथा पडलो. कसा पडलो ते मला माहीत नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली एवढे आठवते. मोरीकडे सरपटावे की दाराकडे, हे ठरवायला मला एक क्षण लागला. आत जाऊन मी तिला उचलणार नव्हतो. म्हणून दाराकडे सरपटत निघालो आणि "कोणीतरी या!" म्हणून ओरडू लागलो.

गॅलरीत पावले वाजली. मालवणी आजी आल्या, दोघेतिघे आणखी आले. दार ढकलू लागले.

"कडी काढा! आतून कडी आहे!"

"हात पोचत नाही," मी म्हणालो. मी दाराला पाठ लावून बसता झालो होतो. कडी माझ्या डोक्याच्या वर होती. हात छातीपर्यंत येई आणि तिथेच थांबे.

"अहो, उभे राहा ना!"

"उभं राहता येत नाही!"

"काय झाला काय ह्येका?" आजी बाहेर कोणाला तरी म्हणाल्या. "काल सांजेक तर माझ्या देखत जिनो चढलो."

मी दाराला टेकून बसलो होतो, पलीकडे माणसे दार हादरवत होती आणि त्या हादऱ्यांनी माझी पाठ दुखत होती. मला रडू फुटले. तेवढ्यात आतून पावले आली. मुलगी ओल्या केसांनी, कसेबसे लुगडे गुंडाळून, भिंत धरत येत होती. चेहरा पांढराफटक. ती मोरीच्या कट्ट्यावर डोके टेकून बसली होती आणि भोवळ गेल्यावर उठून आली होती. तिने मला बघितले. माझ्या अंगावरून वाकून, भरल्या पोटाचा भार सावरत, तिने हात वर केला आणि कडी काढली.

बायको आली, डॉक्टरांना बोलावणे गेले. ते मुलीसाठी आले. तिची नाडी पाहिली, काही विशेष नाही, रक्त कमी आहे, म्हणाले. मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. मी तसाच जमिनीवर होतो, मळक्या बंडीत, दाढी वाढलेली.

"हात वर करा," ते म्हणाले.

मी बघितले त्यांच्याकडे. त्यांनी माझा हात स्वतः धरून उचलला. मी ओरडलो. त्यांनी तो हलकेच खाली ठेवला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

"ही सकाळ मला का नाही दाखवलीत?"

अंघोळ झाली नव्हती म्हणून, असे मी म्हणालो असतो तर ते हसले असते.

त्यांनी रक्त तपासायला पाठवले. रक्त काचेच्या नळीत उभे ठेवतात आणि तांबड्या पेशी किती भरभर खाली बसतात ते बघतात. माझ्या फारच भरभर बसत होत्या. म्हणजे अंगात कुठेतरी दाह होता. मी आळशी नव्हतो. हे ऐकून मला जो आनंद झाला तो आजाराची बातमी ऐकून होऊ नये असा होता. डॉक्टर म्हणाले, या दुखण्याला इथे अजून धड नाव नाही. सांधे बिघडत नाहीत, पण खांद्यांचे आणि मांड्यांचे स्नायू सकाळी धरून ठेवते. पन्नाशीनंतर येते. आणि याच्यावर आता एक औषध निघाले आहे, कॉर्टिझोनच्या जातीची गोळी. स्टेरॉईड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"हे तेच दुखणं असेल तर चार-पाच दिवसांत तुम्ही स्वतः मला दार उघडाल. पण आधी छातीचा फोटो काढा."

फोटोत उजव्या छातीत वरती जुना डाग दिसला. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला आणि डागावर बोट ठेवले.

"हा बंद आहे. झोपलेला आहे. पण ही गोळी दाह शमवते ती शरीराचा पहारा ढिला करून. जुना क्षय तिने पुन्हा उठू शकतो. उठेलच असं नाही. आता क्षयाला औषधं आहेत, तुमच्या वेळी नव्हती. पण तुमच्या घरात तान्हं मूल येणार, बरोबर ने?"

"मग काय करू?"

"साखर वाढू शकते, पोटात व्रण होऊ शकतो, ते मी सांभाळीन. बाळाला लस टोचू. पण लस घेतली म्हणून काहीच होणार नाही, असं मी लिहून देणार नाही. न घेतलीत तर मरणार नाही तुम्ही. असेच राहाल. कदाचित वर्ष, दोन वर्षं. ठरवा तुम्ही."

गोळ्यांची बाटली घरी आली आणि बायकोने ती देवाच्या फळीवर ठेवली. ती फळी उंच होती.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे बोललो. मला वाटले होते, बायको लगेच घ्या म्हणेल. सगळे कष्ट तिचेच होते. ती म्हणाली, "नको. हे दुखणं मी उचलीन. ते पुन्हा नको. त्या खिडकीखाली मी परत उभी राहणार नाही, नातवंडाला वर धरून."

"मग मीच बोरीवलीला जाते," मुलगी म्हणाली. "तिथे होऊ दे बाळंतपण. बाबांना गोळी घेऊ दे."

"आणि सासूला काय सांगणार? आईबापाला एक बाळंतपण जड झालं म्हणून?"

"बाबांचं दुखणं सांगेन!"

"क्षय पुन्हा उठू शकतो म्हणालीस तर परत कधी बाळ घेऊन इकडे येऊ देतील का तुला?"

मग मी अंधेरीला धाकट्या भावाकडे जावे, असे निघाले. पण तिथे मला सकाळी उठवणार कोण, धोतर कोण नेसवणार? भावजय ते करू शकत नव्हती आणि मी करू दिले नसते. ते तिथेच संपले. दोघी माझ्यासाठी भांडत होत्या आणि मला मधे बोलायला तोंड नव्हते.

शेवटी मुलगी म्हणाली, "आई, तू त्यांना त्या दिवशी दाराशी बघितलं नाहीस. मी बघितलं." आणि उठून आत गेली.

गोळी मी मुलीसाठी घेतली, ती पुन्हा मोरीत पडली तर उठता यावे म्हणून घेतली, असे मी नंतर सगळ्यांना सांगितले. ते खोटे नाही. पण सगळे खरेही नाही. खरे हे, की डॉक्टरांनी 'चार-पाच दिवसांत' म्हटल्यापासून मी दुसरा विचारच करू शकत नव्हतो. मला कुशीवर वळायचे होते. मला स्वतःचा सदरा स्वतः घालायचा होता. बाळाचा विचार मनात येई तेव्हा मी तो मुलीच्या मोरीतल्या हाकेने झाकून टाकी. त्या बाटलीकडे मी अंथरुणातून बघत राही आणि तिच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता. ती काढून मागायची तर जिने नको म्हटले तिच्याकडेच.

एका सकाळी तिने मला बसते केले, सदरा घातला, आणि मी म्हणालो, "ती बाटली देतेस?"

तिने सदऱ्याची शेवटची गुंडी लावली. मग हात वर करून बाटली काढली, बूच काढले, एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि पाणी आणायला गेली. पाण्याचा पेला देताना तिने माझ्याकडे बघितले नाही.

चार-पाच दिवससुद्धा लागले नाहीत. लवकरच एका सकाळी मी जागा झालो तो कुशीवर होतो. झोपेतच वळलो होतो. मी पडल्या पडल्या दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि तसाच राहिलो. बायको सदरा घेऊन आली. मी तो तिच्या हातातून घेतला, एक बाही घातली, दुसरी घातली, गुंड्या लावल्या. ती रिकामे हात घेऊन उभी राहिली, मग मोरीत जाऊन आदल्या रात्री घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासू लागली. मी डॉक्टरांना दार उघडले तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली.

त्याच महिन्यात जवळच्या प्रसूतिगृहात मुलीला मुलगी झाली. ती घरी आली त्या दिवशी मी माझे अंथरूण गॅलरीत हलवले. ताट, पेला वेगळा केला. डॉक्टर म्हणाले, थुंकी साफ आहे, फोटो पहिल्यासारखाच आहे, एवढे करायला नको. पण पुढचा फोटो पहिल्यासारखा असेल हे ते सांगू शकत नव्हते. मी नात घेतली नाही. आता हात होते, पण मी ते मागे बांधून उंबऱ्याबाहेरून तिला बघत असे.

"घ्या ना, बाबा. तोंड तिकडे फिरवून घ्या," मुलगी म्हणे.

"नको. मोठी होऊ दे."

"मी पण मोठी होईपर्यंत थांबले होते," ती एकदा म्हणाली. मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "तसं नाही हो म्हणायचं मला."

बाळाचे काहीतरी करावे असे मला फार वाटे. मग मी एक काम मिळवले. आमच्या दाराबाहेर गॅलरीत छताजवळ बांबूची दांडी टांगलेली होती. कपडे काठीने वर ढकलून तिच्यावर पसरायचे. धुतलेली दुपटी आणि लंगोट रोज सकाळी मी वाळत घालू लागलो. मी नाक आणि तोंड पंच्याने बांधून घेई. काठीच्या टोकावर दुपटे धरून दोन्ही हात डोक्याच्या वर नेताना प्रत्येक वेळी मला भीती वाटे आणि प्रत्येक वेळी हात जाई. हे काम माझे झाल्याचे साऱ्या चाळीने बघितले.

"आमच्या घोवाक मरेसर स्वतःचो पंचो वाळत घालूक जमलो नाय," मालवणी आजी म्हणाल्या. "आणि ह्यो बघा, चोरासारखो तोंड बांधून दुपटी घालता."

पण माझा चेहरा सुजल्यासारखा गोल होत होता. भूक राक्षसासारखी लागे. लघवीत साखर दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, आता गोळी हळूहळू उतरवायची. एकदम बंद केली तर वाईट, चालू ठेवली तरी वाईट. त्यांनी अर्धी केली. काही दिवस बरे गेले. मग त्यांनी आणखी थोडी उतरवली.

मुलगी सासरी जायला थोडे दिवस राहिले होते. त्या सकाळी मी उठलो तेव्हा खांद्यात काहीतरी ओळखीचे होते. मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. दुपटी पिळली, पहिले दुपटे काठीच्या टोकावर घेतले, काठी उचलली. ती छातीपर्यंत आली. मी पुन्हा उचलली. दुपटे टोकावरून घसरून माझ्या डोक्यावर पडले. त्यातून पाणी गळत होते. ते काढायलाही हात वर जाईना, म्हणून मी मान झुकवून ते खाली पाडले.

मुलगी दारात उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन. तिने किती बघितले होते मला माहीत नाही.

"संध्याकाळी जाईन डॉक्टरांकडे," मी म्हणालो. "वाढवून देतील थोडी."

वाढवली तर साखर, पोट, छातीतला डाग. न वाढवली तर हे. दोन्हीत निवडायचे काय, हे मला गेल्या वेळेपेक्षा कमी कळत होते.

तिने बाळाला आत आईकडे दिले. स्टूल आणले, त्यावर चढून दांडीच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या सोडल्या आणि लांब करून पुन्हा बांधल्या. दांडी माझ्या छातीशी आली. तिने बादलीतले दुपटे उचलून माझ्या हातात दिले. मी ते दांडीवर टाकले आणि बोटांनी पसरले. दुसरे टाकले. तिसरे टाकले. गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आता वाकून जावे लागत होते. आजी वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या, पण मोठ्याने बोलल्या नाहीत.

"संध्याकाळी नाही," मुलगी म्हणाली. "आत्ता जायचं. मी येते. दाढी करायची नाही, तेल लावायचं नाही, सदरा बदलायचा नाही."

मी मान हलवली. ती पुरती हलत नव्हती.